भिंत चढणारी अनुया

हात धुऊन वळला आणि सलिल थबकलाच. कॅन्टीनमागच्या भिंतीशी एक मुलगी उभी होती. तिच्या डाव्या हाताची बोटं भिंतीवरून हळूहळू वर सरकत होती… अजून थोडी वर…

"पाल पकडताय?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"शर्यत लावलीय तिच्याशी," ती न वळताच म्हणाली. "काल तीच जिंकली."

सलिल महाळुंग्याच्या या कंपनीत साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूमला नुकताच लागला होता. ती क्वालिटीतली अनुया. आखूड कुरळे केस, बोलताना एक भुवई उडवायची सवय… बस्स! त्या दिवसापासून जेवणानंतर त्याचे हात जरा जास्तच वेळ धुतले जाऊ लागले.

"टूलरूममध्ये इतके स्वच्छ हात कुणाचेच नसतील," एकदा ती हसून म्हणाली. मग थांबली. "सलिल, एक सांगते. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. डावा स्तन काढलाय. हात नीट वर जावा म्हणून हा व्यायाम, आणि हे केस केमोनंतर आलेले. पळायचं असेल तर आत्ताच पळ."

"पण… कंपनीच्या बसला अजून वेळ आहे," तो कसंबसं म्हणाला.

अनुया खळखळून हसली. इतकी, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

श्रावणात पॅकिंगच्या शालनबाईंनी तिला गाठलं. त्यांच्या छातीत गाठ लागत होती. "घरी लाज वाटती गं बोलायला. आमी कुनाला सांगावं?"

"मला सांगितलंत ना? उद्याच जाऊ."

रजा टाकून तिनं त्यांना भोसरीच्या हॉस्पिटलात नेलं. सलिलनं मित्राची गाडी आणली. गाठीचा नमुना घ्यायला सुई टोचली तेव्हा अनुयानं शालनबाईंचा हात धरून ठेवला, त्यांना हसवलंसुद्धा. बाहेर आली तेव्हा मात्र तिचे ओठ पांढरे पडले होते.

"औषधांचा हा वास आला, की अजून केमोचे दिवस आठवतात."

"मग आलीस कशाला?"

"माझ्या वेळी घरचे सगळे होते रे. पण यातून गेलेलं कुणी नव्हतं…"



आठवड्यानं रिपोर्ट घ्यायला तिघं पुन्हा हॉस्पिटलात गेली. शालनबाईंची गाठ साधी निघाली. रिपोर्ट ऐकून त्या अनुयाच्या गळ्यात पडून रडल्या, आणि घरी फोन लावायला बाजूला गेल्या. बाहेर ऊन-पाऊस चालला होता. चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली दोघंच उरली.

"अनुया… मला तू आवडतेस. आणि ही दया नाही हं."

"मग काय आहे?"

"थोडा तुझा दरारा. बाकी सगळं प्रेम."

ती हसली नाही. "पुन्हा झाला तर?"

"भीती वाटते," तो खरं तेच बोलला. "पण तूही भीत भीतच आत गेलीस ना? मलाही येऊ दे."

पत्र्यावरून पाणी ठिबकत राहिलं. तिनं चहाचा घोट घेतला, भुवई उडवली.

"मंगळवारी माझी तपासणी आहे," ती म्हणाली. "रजा टाक."