दुष्काळाची कॅसेट

"कांदेखाऊ आहेत का घरात?" पेंदानं दारातून विचारलं, आणि तिथंच तिला रडू फुटलं.

नदीकाठच्या मोप्तीच्या बंदरावर बोझो कोळ्याच्या पोरीनं, कड्यावर कांदे पिकवणाऱ्या दोगोन माणसाला अशीच हाक मारायची असते. दोन्ही जमातींच्या पूर्वजांनी आणच घालून ठेवलीय: एकमेकांची हवी तेवढी टर उडवा, पण एकमेकांचं रक्त सांडू नका, आणि एकमेकांत लग्न तर मुळीच करू नका.

"बस गं, मासळीच्या काट्या," दोलो म्हणाला. तो दोगोन, निवृत्त फौजदार. आता खासगी तपास करायचा. त्याचा जोडीदार नूहू, बोझो नावाडी, त्यानं चहा ठेवला.

शुक्रवारी पेंदाचं लग्न होतं. लासानासाठी ती पाच वर्षं थांबली होती. लग्नात दोन्ही घराण्यांची मुळं ऐकवायची रीत; कोण कुठून आलं, नाव कुणी दिलं. म्हातारा भाट मरण्याआधी तीन कॅसेटींत सगळं बोलून गेला होता. त्यातली मधलीच, दुष्काळाच्या वर्षांची, पेटीतून गेली होती.

"बाबा म्हणतात, भाटाचा मुलगा आठवेल तेवढं म्हणेल. मला नाही चालायचं. मला भाटआजोबांचाच आवाज हवा."

परवा, कॅसेट गेली त्या दिवशी, तिच्या घरी तिघंच येऊन गेले होते.

"काय रे मांगूर माशा, बापाचा आवाज विकलास?" दोलोनं भाटाच्या मुलाला विचारलं.

"विकायचा तर तिन्ही विकल्या असत्या, कांद्याच्या पाती."

पेंदाच्या आत्याला ती आपल्या पुतण्यासाठी हवी होती. "लग्न मोडायचं असतं तर नवऱ्यामुलाची होडी फोडली असती," ती म्हणाली. "चल नीघ, कड्यावरच्या माकडा."

लासानाचा बाप बोकारी अंगणात जाळं विणत होता.

"काय रे, मासे संपले म्हणून बेडूक खातोस का?" दोलोनं विचारलं.

म्हातारा खाली बघूनच म्हणाला, "या, बसा. पाणी घ्या."

"किती सभ्य माणूस," बाहेर आल्यावर नूहू म्हणाला. दोलोनं मागं वळून अंगणाकडं पाहिलं. मग म्हणाला, "पेंदाला सांगू, कॅसेट सापडली नाही."

पण पेंदा मागोमाग आली होती. "खोटं बोलताय," ती म्हणाली. "बोझो-दोगोन नात्याची आण घालते. खरं सांगा."

ती आण मोडता येत नाही. दोलो जड पावलांनी परत अंगणात गेला.

"एकच कॅसेट गेली, म्हणजे चोराला त्यात काय आहे ते ठाऊक होतं. लग्न मोडायचं नव्हतं त्याला, होऊ द्यायचं होतं. बोकारी, मी शिवी दिली तर बंदरावरचं शेंबडं पोरसुद्धा उलटी शिवी देतं. तुमची जीभ उचलली नाही. कारण दोगोननं दोगोनला दिली तर ती थट्टा राहत नाही, खरी शिवी होते."



बोकारीनं तांदळाच्या रांजणात हात घालून कॅसेट काढली. "आमचे आजोबा दुष्काळात कडा उतरून आले. कोळ्यांनी जेवू घातलं, आपलं नाव दिलं. लासानाला यातलं काही माहीत नाही. नदीतच टाकणार होतो, पण आजोबांचं खरं नाव एवढ्यातच उरलंय. हात धजला नाही."

पेंदानं कॅसेट घेतली नाही.  पूर्वजांची आण आता आपल्याच लग्नाच्या आड आली, आणि हे सगळं आपणच खणून काढलं, हे तिला कळत होतं. नूहूला तिच्याकडं बघवेना.

तेवढ्यात लासाना मासळीची टोपली घेऊन आत आला. तिला पाहून त्याचा चेहरा खुलला.

पेंदानं पुढं होऊन त्याच्या हातची टोपली घेतली. मग, आता दुसरं काहीच बोलायची सोय उरली नव्हती म्हणून, हळूच म्हणाली, "आलास, कांदेखाऊ?"

लासाना हसला. त्याला वाटलं, ती थट्टा करतेय.