झुळूकने उघडलेल्या खिडक्या

सगळ्या खिडक्या उघड्या असूनही झोपायचं दालन आणखीच का तापतं, हे चैती आत्रामला कळत नव्हतं. अकरा वर्षांची चैती चंद्रपूरजवळच्या मुलींच्या वसतिगृहात राहायची. एप्रिल लागल्यापासून तिला धड झोप नव्हती. साल २०६१. विजेचा वाटा ठरलेला, त्यामुळे दुपारी पंखेही बंद. येत्या शुक्रवारी दुपारी तीनच्या तपासणीत दालनाचं तापमान अडतीसच्या वर भरलं, तर वसतिगृह बंद करून मुलींना घरी पाठवणार होते. गेल्या वर्षी अशाच घरी गेलेल्या चौघी शाळेत परतल्याच नाहीत. आपणही तशाच घरी बसू, ही भीती चैतीच्या मनातून जात नव्हती.

खिडक्यांचं काम झुळूककडे होतं. झुळूक म्हणजे महिन्यापूर्वी रत्नागिरीहून बदली होऊन आलेला यंत्रमानव. उजाडलं की तो एकूण एक खिडकी सताड उघडायचा आणि रात्री शिस्तीत लावून घ्यायचा. त्याला काही विचारायचं त्राण कुणात उरलं नव्हतं.

सोमवारी दुपारी खोब्रागडे आजोबा आले. ते इमारतशास्त्रज्ञ, तीस वर्षांपूर्वी हे वसतिगृह त्यांनीच आखलं होतं. ते दारातच थबकले.

"दुपारच्या खिडक्या कोण उघडते?"

"मी," झुळूक म्हणाला. "रत्नागिरीत त्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं आहे."

आजोबा खाटेवर टेकले. हसायचंही त्यांच्या जिवावर आलं होतं. "खिडकीत हात धर वं पोरी."

चैतीनं हात धरला. हवा भाजत होती.

"बाहेर पंचेचाळीस. तुह्या अंगाची कातडी पस्तीस. मंग हा वारा तुले थंड करन का तापवन?"

"तापवेल."

"कोकणात हवा दमट. अंगापेक्षा गरम नसते, पण घाम वाळत नाही. म्हणून तिथं दिवसाही आरपार वायुवीजन (समोरासमोरच्या खिडक्यांतून हवा खेळवणं) लागते. झुळूक तिथं बरोबरच होता. इथं दुपार पंचेचाळीस अन् पहाट सत्तावीस. इथं वारा आत घ्यायचा तो रात्रीच."

"पण रात्रीचा गारवा दुपारपर्यंत टिकेल कशात?"

"भिंतीत. दीड हात जाड आहेत त्या. उगाच नाही बांधल्या." आजोबांनी वर पाहिलं. "गरम हवा हलकी, ती वर चढते. तिले बाहेर जायले झरोके (छताजवळच्या लहान खिडक्या) ठेवले होते. कुठं गेले?"

कबुतरांचा त्रास नको म्हणून त्यांवर कुणीतरी पुठ्ठे ठोकले होते. झुळूकनं शिडी लावून ते काढले आणि जाळ्या बसवल्या.

"तेव्हाच भिंतीवर लिहून ठेवाले पाहिजे होतं," आजोबा थकून म्हणाले. "घर बांधून देल्लं, पण ते वापरायचं कसं हे सांगतलंच नाही."

"म्हणजे तुमची झोप मी घालवली," झुळूक चैतीला म्हणाला. तिला त्याचा राग आला होता, पण भांडायची ताकद नव्हती.

त्या संध्याकाळपासून क्रम उलटा झाला. सूर्य मावळला की खिडक्या उघडायच्या, उगवला की लावायच्या. मंगळवारी दुपारी आत बेचाळीस. चैती रडकुंडीला आली.

"भिंतीत महिन्याची धग बसली आहे," पुन्हा आलेले आजोबा म्हणाले. "निघायले वेळ लागन."

बुधवारी चाळीस. गुरुवारी एकोणचाळीस. तापमापकापाशी उभ्या असलेल्या झुळूकनं विचारलं, "उद्या माझी लडाखला बदली झाली तर?"

"तिथल्या खिडक्यांना हात लावायच्या आधी तिथली हवा बघ," चैती म्हणाली. "मोठी झाले की मीच आखेन तिथली घरं." मग तिनं जांभई दिली.

शुक्रवारी तीनला तपासनीस बाई आल्या. बाहेर शेहेचाळीस होतं. आत अंधुक उजेडात तीस मुली गाढ झोपल्या होत्या. एकटी चैती जागी होती. बाईंनी तापमापक दोनदा पाहिला. सदतीस. त्यांनी कागदावर 'वसतिगृह सुरू ठेवावे' असं लिहिलं, घाम पुसला, आणि हळूच विचारलं, "ऊन फार आहे गं. मी थोडा वेळ इथंच बसू?"

"बसा," चैती आडवी होत म्हणाली. "फक्त दार लावून घ्या."