चिकटलेलं पान

आखातातल्या रुवीत दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात. मे महिन्यात त्या वेळी रस्त्यावर मांजरसुद्धा दिसत नाही. छापखान्यातली माणसं मागच्या गल्लीतल्या खोल्यांवर जेवायला आणि पाठ टेकायला जातात. जनार्दन मात्र तीन वर्षांपासून वरच्या मजल्यावर, बाइंडिंगच्या खोलीतच डबा खायचा, वर खालच्या फ्रीजमधलं लबन, म्हणजे इथलं ताक, प्यायचा आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर आडवा व्हायचा. खोलीवर जाऊन करायचं काय? भिंतीवर जयवंतीचा फोटो होता, आणि दुपारी तो फोटो त्याच्याकडे जास्तच बघायचा.

जयवंती त्याची बायको. कुडाळच्या दवाखान्यात ती शेवटचे चार दिवस होती. त्याआधी त्याने दोनदा रजा पुढे ढकलली होती, कामाच्या गर्दीचं निमित्त करून. तो पोचला तेव्हा ती जाऊन तिसरा दिवस उलटला होता. शेवटी ती काय बोलली, हे त्याने घरातल्या प्रत्येकाला विचारलं. कुणी धड सांगितलं नाही. म्हणे, गडबडीत कुणाचं लक्षच नव्हतं.

जनार्दन छप्पन्न वर्षांचा. जुजबंदी, म्हणजे घडीच्या पानांचा एकेक फर्मा हाताने शिवून पुस्तक बांधायचं काम, यात रुवीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हे तो स्वतःच इतक्यांदा सांगायचा की दुसऱ्या कुणाला सांगायची गरजच पडत नसे.

एका सोमवारी जवळच्या मत्राहून गुलबानू नावाच्या म्हाताऱ्या बाई आल्या. ड्रायव्हरने चादरीत गुंडाळलेलं ओझं टेबलावर ठेवलं. आत पुस्तक होतं. लाकडी फळ्यांचं, चामड्याच्या पानांचं, हाताने लिहिलेलं बायबल. शिवण उसवलेली, पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली. खालच्या फळीला लोखंडी कडी होती आणि कडीत साखळीचे तीन दुवे.

"ज़ंजीर किसलिए?" फोरमन उजैरने विचारलं.

"चर्च में बाँधकर रखते थे," बाई म्हणाल्या. "एक किताब लिखने में बरस निकल जाता. कितने बछड़ों की खाल लगती. ज़बान लैटिन, जो आम लोगों को आती नहीं. पादरी पढ़ता, लोग सुनते. लोगों की ज़बान में उतारने पर कहीं-कहीं आदमी जलाए भी गए."

जनार्दन मनात हसला. आमच्याकडे काय वेगळं होतं? श्रावणात भटजींनी पोथी वाचायची, आजोबांनी अंगणात बसून ऐकायची, आणि अर्थ विचारला की हातावर प्रसाद पडायचा.

मग बाईंनी एक विचित्र गोष्ट केली. जनार्दनचे आणि त्याच्या हाताखालच्या धनेशचे हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"एक ही आदमी खोलेगा," त्या म्हणाल्या. "ये."

त्यांनी धनेशचा हात धरला होता.

धनेश अडतीस वर्षांचा, जनार्दनच्याच तालुक्यातला. त्याला इथे जनार्दननेच आणलं होतं, सुई धरायलाही त्यानेच शिकवलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. जनार्दनने तोंडभर हसून त्याचं अभिनंदन केलं आणि संध्याकाळी डब्यातलं न खाता टाकून दिलं.

धनेशने कोपऱ्यातलं टेबल घेतलं. पुस्तकाच्या कपाटाची किल्ली तो गळ्यात घालू लागला. दुपारी तोही आता वरच थांबायचा. पहिले दोन दिवस जनार्दन गठ्ठ्यावरून त्याची चूक शोधत होता. पण चूक सापडेना, म्हणून त्याच्या पोटात जास्तच दुखू लागलं.

तिसऱ्या दुपारी त्याला दिसलं, धनेशचे ओठ हलतायत.

बाइंडरने पानं मोजायची असतात, वाचायची नसतात. वाचत बसलं की फर्मा चुकतो. हा जनार्दनने शिकवलेला पहिला नियम.

"काय वाचतस रे? लॅटिन?"

"लॅटिन खंयचा, काका?" धनेश गोंधळला होता. "आपलीच अक्षरां आसत. बाळबोध. उजैरच्या बापाशीचा नाव आसा हयसर."

जनार्दन उठून गेला. पानावर काळ्या शाईच्या आखूड, टोकदार रेघांची दाटी होती. त्यात त्याला एकही ओळखीचं अक्षर दिसलं नाही. टेबलापाशी गारवा होता. एसी तर पलीकडच्या भिंतीवर होता.

"'खिड़की खोल दो, घोड़ा आ गया,'" धनेशने वाचलं.

संध्याकाळी त्याने ते उजैरला हसत हसत सांगितलं. उजैरचा बाप मागच्या वर्षी मुलतानला वारला होता. उजैर हसला नाही. त्याने घरी फोन लावला, बराच वेळ ऐकत राहिला आणि मग वर येऊन धनेशच्या समोर खाली मान घालून उभा राहिला. बहिणीने सांगितलं होतं, अब्बा शेवटी हेच बोलले. खिडकीबाहेर घोडा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी जिन्यात माणसं बसू लागली. खालचा मशीनवाला, समोरचा शिंपी, सोहारच्या कारखान्यातून बस पकडून आलेला एक वेल्डर. प्रत्येकाचं कुणीतरी दूर गावी वारलेलं, आणि प्रत्येकाला पोचायला उशीर झालेला. धनेश त्यांच्या माणसाचे शेवटचे शब्द वाचायचा, ते ऐकायचे. कुणी पुस्तकाकडे हात नेला की तो पान झाकायचा. "तुम रहने दो, मैं बताता है ना," म्हणायचा. त्याचा आवाजही बदलला होता, जरा वरून यायचा. लोक जाताना त्याच्या टेबलावर फळं ठेवून जात.

जनार्दनने पाच दिवस कळ काढली. सहाव्या दिवशी त्याने स्वतःच शिकवलेल्या माणसापुढे स्टूल ओढलं.

"जयवंतीचा आसा?"

धनेशने पानं उलटली. पार मागे, ओलीने धरलेल्या भागात थांबला.

"आसा, काका. 'ते इले की त्यांका सांगा, माझो राग नाय. पण...'"

"पण काय?"

"पुढचा मागच्या बाजूक आसा. पान चिकटला हा. एक दिवस ओलो टिपकागद ठेवतंय. सुटला की सांगतंय."

जनार्दनने ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. तिचंच बोलणं होतं ते. नवऱ्याला 'ते' म्हणणारी, रागाचं नाव आधी काढून मग 'पण' म्हणणारी. तीन वर्षांनी ती पुन्हा बोलली होती, आणि बोलली ती धनेशच्या तोंडून. तिचं पुढचं वाक्य धनेशला आधी कळणार होतं. या विचाराने त्याच्या अंगाची आग आग झाली. इतकी वर्षं संसार त्याने केला, आणि तिचा शेवटचा शब्द पहिल्यांदा ऐकणार परका माणूस! कदाचित वाचून मनातल्या मनात हसेल. कदाचित अर्धंच सांगेल. ते खरं की खोटं, हे जनार्दन कशावरून ठरवणार होता?

"माझ्या बायलेचा बोलणा तू वाचतलंस, आणि मी तोंड बघीत रवतलंय?" तो म्हणाला.

"असा काय बोलतास, काका? तुमका दिसना नाय, म्हणान मी..."

ते 'म्हणान मी' जनार्दनला सहन झालं नाही. सकाळी तो अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, केबिनमध्ये गेला आणि चहाडी केली. गिऱ्हाइकाची किमती वस्तू, लोकांची जत्रा, पानांकडे जाणारे हात. खोटं त्यात काहीच नव्हतं. अर्बाबने धनेशला बोलावलं, किल्ली मागितली आणि जनार्दनच्या हातात दिली. "खलास," तो म्हणाला.

धनेश भांडला नाही.

"ता पान आज दुपारी सुटतला होता," एवढंच म्हणाला. "एक दिवस कळ काढूची होती तुमी."

दुपारी जनार्दनने जिन्यातल्या माणसांना परत पाठवलं. कपाट उघडून पुस्तक टेबलावर घेतलं. साखळीचे दुवे हाताला बर्फासारखे लागले. टिपकागद काढला, हाडाची पातळ पट्टी पानांमध्ये सरकवली. त्याचा हात जराही हलला नाही. असं काम त्याने तरुणपणीसुद्धा केलं नव्हतं. पान सुटलं.

पलीकडे काळ्या, टोकदार रेघा होत्या.

त्याने चष्मा पुसला. पान उजेडाकडे धरलं. मागचं पान पाहिलं, जिथे धनेशने 'माझो राग नाय' वाचलं होतं. तिथेही तेच.

"धनेश!"

धनेश पलीकडे हजेरीपुस्तकांना पुठ्ठे लावत होता. तो लगेच आला, कारण तो मुळात चांगला माणूस होता. पानावर वाकला. 

"वाच," जनार्दन म्हणाला. "माझी चूक झाली. तू वाच. 'पण'च्या फुडे काय आसा?"

"काका, ह्यां कायतरी इंग्रजीसारख्या आसा." धनेशचा चेहरा कोरा होता. "माका काय समजना नाय."

"काल वाचलंस ना!"

"काल दिसत होता." त्याने डोळे चोळले. "आता नाय."

तो खरं बोलत होता. जनार्दनने हातातली पट्टी खाली ठेवली. आता ते वाक्य जगात कुणालाच वाचता येणार नव्हतं. धनेशने त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि तो चपला घालायला दाराकडे गेला.

जनार्दनने नुसतंच पुढचं पान उलटलं.

त्यावर बाळबोध अक्षरं होती.

स्वच्छ, गोल, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखी. त्याला ती सहज वाचता आली. किल्ली ज्याच्याकडे, त्याला दुसऱ्याचंच वाचता येत होतं, आपलं नाही. वर नाव होतं, धनेशचं. खाली एकच ओळ.

'काका, मी खाली जावन येतंय. तुमका लबन हाडू?'

त्याने ती दोनदा वाचली. अर्थ लागायच्या आत दारातून आवाज आला.

"काका, मी खाली जावन येतंय. तुमका लबन हाडू?"

जनार्दनने पान पाहिलं. त्या ओळीच्या खाली काहीच नव्हतं. पुढचं पान उलटलं. तिथे दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

"धनेश," तो कसाबसा उठला. गुडघा टेबलावर आपटला. "धनेश, थांब. कायतरी बोल."

धनेश जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबला. त्याने वळून पाहिलं. हसला, हो, आणतो, म्हणून मान हलवली, आणि एक अक्षरही न बोलता खाली उतरू लागला.