तेहतीस माणसांची थुंकी

अलिबागच्या वंशविज्ञान केंद्रात डॉ. शुलामीथ वाक्रुळकरने स्वतःचाच अहवाल तिसऱ्यांदा वाचला. वंशांश: बेने इस्राएल (कोकणातले ज्यू), शहाण्णव टक्के. आकडा पाहून तिला आनंद व्हायला हवा होता. आला तो संशय.

मंगळावर वसाहत निघत होती. लहान समाज काळाच्या ओघात पुसले जाऊ नयेत म्हणून अशा प्रत्येक समाजातली तीस माणसं तिथे कायमची न्यायची ठरली होती. अट एकच, वंशांश साठच्या वर हवा. शुलामीथचे वडील एलिझर हे हझान, म्हणजे प्रार्थनालयात प्रार्थना चालवणारे. ते सत्त्याण्णव टक्क्यांनिशी निवडले गेले होते. तिची आई मात्र थळची कोळीण. म्हणजे शुलामीथला फार तर पन्नास मिळणार, बाबा एकटे जाणार आणि पुन्हा भेट नाही. आई वारल्यापासून घरात दोघंच होते, त्यामुळे हा घास दोघांच्याही घशाखाली उतरत नव्हता.

आणि आता शहाण्णव! नशीब उघडलं म्हणून गप्प बसणारी माणसं जगात पुष्कळ असतात. त्यांना शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. तिने थळहून मामाला बोलावून त्याची थुंकी तपासली. सात पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातला मामा चौऱ्याण्णव टक्के बेने इस्राएल निघाला.

"मंग आता शनवारी होरी काराची नाय का मी?" शनिवारी ज्यू काम करत नाहीत हे ऐकून असलेल्या मामाने होडीच्या काळजीने विचारलं.

तिने केंद्रप्रमुख डॉ. आठल्यांना गाठलं. "सर, यंत्र चुकलंय."

"यंत्र चुकत नाही. आपण त्याला काय विचारलंय ते विसरतो," आठल्ये म्हणाले. "बेने इस्राएल म्हणजे काय, हे त्याला कुठे ठाऊक आहे? चाळीस वर्षांपूर्वी तेहतीस माणसांची थुंकी घेतली आणि तिला तुलनासंच म्हटलं. तुझे जनुकखंड त्या तेहतिसांशी किती जुळतात, एवढंच ते सांगतं. शितावरून भाताची परीक्षा."

"आणि शीतच दुसऱ्या हंडीतलं असलं तर?"

जुनी नोंदवही काढल्यावर घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं. नमुने मलिद्याच्या दिवशी घेतले होते. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करतात, तेव्हा चटईवर येऊन बसलेल्याला तू कोण, कुठला, असं विचारायचं नाही, ही गावची रीत. नमुने घेणाऱ्यानेही विचारलं नाही. तेहतिसांत सहा जण शेजारचे कोळी होते. त्यांतले दोघे तर शुलामीथच्या आईचे सख्खे चुलते.

"हे कळवलंस तर मंगळावरची तुझी जागा जाईल," आठल्ये म्हणाले. "न कळवलंस तर कोणी विचारणारही नाही."

"न विचारण्यानेच तर हे झालं, सर."

ती खोलीत जाऊन रडली. मग तोंड धुऊन तिने ते सहा नमुने बाजूला काढले, कोळ्यांचा वेगळा संच केला आणि सगळ्यांचं गणित पुन्हा मांडलं. ती स्वतः पन्नासवरही थांबली नाही, एकोणतीसवर आली. कारण बाबाच सत्तावन्नवर आले होते. निवडलेल्या तिसांपैकी नऊ पुरुष आणि चार बायका तेवढ्या साठच्या वर उरल्या.

घरी जाऊन तिने हे एलिझरना सांगितलं. आपलं घराणं निर्भेळ, हे त्यांनी गावाला जन्मभर ऐकवलं होतं. त्यांना फार लागलं.

"म्हणजे मी आहे तरी कोण?"

"काल होतात तेच, बाबा."

तिसऱ्या दिवशी मोहिमेच्या संचालिका खांबेटे यांचा फोन आला. "हझानसाहेब, पंचाईत झालीय. ते नऊ जण जायला तयार नाहीत. तुमच्यात सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात ना? नऊ जणांनी वर जाऊन भिंतींकडे बघत बसायचं का, असं विचारतात. अट खाली आणायला आमची हरकत नाही. तुम्हीच आकडा सांगा. सत्तावन्न करू?"

शेजारी बसून ऐकणाऱ्या शुलामीथने लगेच हिशोब केला. सत्तावन्न केले की बाबा जाणार आणि ती राहणार. आणि नऊ माणसं अडून बसलेली असताना बाबांना नको म्हणताही येणार नव्हतं.

एलिझर फोनवर हात ठेवून तिच्याकडे वळले. "माझ्या वडिलांचा नमुना आहे तुमच्याकडे?"

"आहे. नव्या गणितात सत्त्याऐंशी."

"मग माझी आई किती भरली असती?"

"मूल निम्मं आईकडून घेतं, निम्मं वडिलांकडून. सत्तावन्नची दुप्पट, वजा सत्त्याऐंशी." तिने मनात वजाबाकी केली. "सत्तावीसच्या आसपास."

एलिझरांनी डोळे मिटले. हिब्रूचं अक्षर न् अक्षर, प्रार्थनेची चाल न् चाल त्यांना आईनेच शिकवली होती. त्यांनी फोनवरचा हात काढला.

"बाई, सत्तावीस लिहा," ते म्हणाले. "जिच्या तोंडून मी प्रार्थना शिकलो, तिला दाराबाहेर उभी करून मी आत प्रार्थना म्हणणार नाही."

खांबेटेबाईंनी आकडा लिहून घेतला. शुलामीथ गणितात पक्की होती, तरी एकोणतीस हे सत्तावीसपेक्षा मोठे असतात, याची तिने दोनदा खात्री करून घेतली.