स्पूलवर पिकलेलं मीठ

हे लिहिणारच नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा खोडलं. आता एका दमात लिहितो. चुका असतील, राहू दे.

मी प्रणित. रोडपालीत राहतो आणि घराच्या बाल्कनीत मासेमारीची रिळं दुरुस्त करतो. कोणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघितले, स्वतःच्या दोन रिळांची वाट लावली, मग जमलं. खाऱ्या पाण्यातून आलेलं रीळ वाचवायचं तर स्पूल जपायचा. स्पूल म्हणजे ज्याच्यावर दोर गुंडाळतात तो. लोक वरवर धुतात आणि मीठ दोराखाली बसून राहतं. दोर सगळा काढायचा. गोड्या पाण्याची बारीक धार सोडायची, जोरात मारलं तर मीठ आत घुसतं. पंख्याखाली सुकवायचं, ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. बस.

सोमवारी अविनाश आला. उरणकडे जमिनींची कामं करतो, हौस म्हणून गळ टाकतो. ओठ फुटलेले, काखेत पाण्याची मोठी बाटली.

"भाई, ह्याच्यावर रोज पांढरं येतं. दोन दुकानं फिरलो. दोर काढू नकोस हां, नवा आहे. वरून धुऊन दे."

"वरून धुऊन काय होणार, दादा?"

"तू धू ना. डोकं नको लावूस."

धुतलं. मंगळवारी सकाळी त्याचा फोन. "काय जादू केलीस रे? किती महिन्यांनी पाणी गोड लागलं!" मला वाटलं, मस्करी करतोय.

दुपारी स्पूलच्या कडा परत पांढऱ्या. अ‍ॅल्युमिनियमचा गंज पांढराच असतो, म्हणून मी मनावर घेतलं नाही. तेवढ्यात फोन.

"परत खारट झालं. परत धू."

रीळ माझ्याकडे होतं. कडा पांढऱ्या झाल्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

बुधवारी मी दोर काढला. वर नवा, मग गाठ, खाली जुना. बरेच जण असं करतात, जुन्यावरच नवा चढवतात. वरचा दोर कोरडा होता. खालून पाणी गळत होतं.

तळाशी कापडी टेप. दोर घसरू नये म्हणून मी प्रत्येक स्पूलला लावतो, वर गिऱ्हाइकाचं नाव लिहितो. अक्षर माझंच होतं.

बुधाजीकाका.

काका म्हणजे माझ्या दोस्ताचे, निकेशचे वडील. गेल्या वर्षी उरणच्या मोरा बंदराजवळ खडकांवरून पडून बुडाले. सोबत अविनाश एकटाच होता. आपलं मिठागर विकायच्या कागदावर काका त्याला सही देत नव्हते, तरी दोघं गळ टाकायला जायचे, काकांकडेच जेवायचे. पोलिसांना अविनाशनं सांगितलेलं, "काका घसरले. रॉड-रीळ हातात धरूनच लाटेत गेले."

ते रीळ माझ्या टेबलावर होतं.

निकेशला बोलावलं. तो आईला घेऊनच आला. भामाकाकीनं स्पूलवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"ह्यो गंज नाय, पोरा. मीठ पिकलाय. आमच्या आगरान पिकायचा तसा."

मिठागरातली माणसं मीठ बनवलं म्हणत नाहीत. पिकलं म्हणतात.

तिनं खडा चुरडून बघितला. "कच्चा हाय अजून."

"चौकीत जाऊया का?" मी विचारलं.

"काय दाखवशील? तुझा अक्षर?" निकेश म्हणाला. "तो बोलेल, किनाऱ्याला गावला."

"आमच्या घरचा मीठ खाल्लाय त्यानं," काकी म्हणाली. "अजून खाऊ दे."

फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"प्रणित, धुतलंस का रे? जीभ चिरलीय. सगळंच खारट लागतंय... पाया पडतो, धू." मग घटाघट पाणी पिण्याचा आवाज.

स्पूल वाजला. टिक्.

त्याच्यावर दोर नव्हता. कोणी हात लावला नव्हता.

घोट. टिक्.

घोट. टिक्.

"बुडताना बाबांनी रॉड तुझ्यापुढं केलेला? ओढून घे म्हणून?" निकेशनं विचारलं.

पलीकडे घोट थांबला. स्पूल थांबला.

"मी धरलेला," अविनाश म्हणाला. "रॉड धरलेला मी."

"आणि बाबांना?"

फोन कट झाला.

मी सवयीनं स्पूल उचलून नळाकडे निघालो. निकेशनं मनगट धरलं. मी स्पूल टेबलावर ठेवला. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही.

त्याला चार दिवस झाले. अविनाश हॉस्पिटलात आहे. पहिले तीन दिवस फोन येत होते. कालपासून बंद.

आज निकेश परत आला. स्पूल जवळजवळ भरलाय. मिठावर चार बोटांचे वळ उठलेत, आतून कोणी घट्ट धरल्यासारखे. आम्ही दोघांनी बघितले.

"त्याची बायको आलेली," निकेश म्हणाला. "रडत होती. उद्या तुझ्या दारात येल."

"येऊ दे."

"तुला दया आली तर?"

मी बाल्कनीच्या नळाची मूठ काढून त्याच्या हातात ठेवली.

"काठापर्यंत पिकू दे, निकेश. मी पाणी लावणार नाय. आईशप्पथ."