नकाशात रस्ता होता!

“पप्पा, ती बाई पुन्हा डावीकडे वळा म्हणतेय!” सम्यक ओरडला.

“म्हणू दे! आज ती सांगेल तसंच जायचं,” मिलिंदकाकांनी गाडी डावीकडे घातली. “आज तिची शेवटची परीक्षा. नापास झाली, की तिन्ही मशीनं भंगारात!”

बाई म्हणजे गाडीच्या काचेला चिकटवलेलं रस्ता दाखवणारं मशीन. उपग्रहांवरून आपली जागा ओळखायचं आणि छोट्याशा पडद्यावर नकाशा दाखवत इंग्रजीत ‘वळा’, ‘सरळ जा’ म्हणून हुकूम सोडायचं. बदलापुरात मिलिंदकाकांच्या तीन टुरिस्ट गाड्या होत्या आणि प्रत्येकीत हौसेनं घेतलेलं असं एकेक मशीन होतं. पण अलीकडे ड्रायव्हर वैतागले होते. “शेठ, मशीन गंडलंय. परवा पाहुण्यांसकट नाल्यात घालत होतं!” उल्हासनगरचे दुकानदार धर्मेशभाई तर रोज फोन करायचे, जुनी द्या, नवी घ्या! काकांचं मन मात्र ठरत नव्हतं. म्हणून २००९च्या त्या दिवाळीच्या सुट्टीत, सगळ्यात नवीन मशीन घेऊन ते उल्हासनगरला निघाले होते. सोबत मुलगा सम्यक, सातवीतली पुतणी मैत्रेयी आणि तिची मैत्रीण रिद्धी.

मैत्रेयी पुढे बसून पडद्याकडे टक लावून बघत होती. चिखलोलीजवळ तिला एक गंमत दिसली. गाडी चांगल्या डांबरी रस्त्यावर होती, पण पडद्यावरचा बाण मोकळ्या हिरव्या रंगातून चालला होता.

“काका, बाण शेतातून चाललाय!”

“बघ! गंडलंच आहे ते!”

“पण आपण वळलो की तोही बरोबर वळतो...”

“मैत्रेयी मॅडम, परीक्षा चालू आहे. पेपर संपल्यावर बोला!” सम्यक म्हणाला आणि सगळे हसले.

आनंदनगरच्या एमआयडीसीत शुकशुकाट होता. दिवाळीमुळे कारखाने बंद. बाईनं एका उजव्या वळणावर नेलं. समोर लोखंडी फाटक होतं, अर्धवट उघडं. वरच्या पाटीवरचा रंग पार उडालेला.

“काका, हे कुणाचं तरी कंपाउंड वाटतंय,” रिद्धी म्हणाली.

“नकाशात रस्ता आहे ना? निघेल पलीकडे!”

गाडी आत शिरली, लांबलचक शेडच्या मागे वळली आणि थांबली. समोर दोन पुरुष उंचीची भिंत! वर काचांचे तुकडे आणि काटेरी तार. बाई मात्र शांतपणे म्हणत होती, सरळ जा, सरळ जा.

“नापास!” काकांनी स्टिअरिंगवर थाप मारली. “ठरलं! आजच नवी घ्यायची.”

तेवढ्यात मागून आवाज आला. खण्ण! मग साखळीचा खळखळाट, मग मोटारसायकलची फटफट. सगळे शेडला वळसा घालून धावत सुटले. फाटक बंद झालं होतं आणि बाहेरून भलंमोठं कुलूप!

“ओ! ओ भाऊ! आम्ही आत आहोत!” सम्यक फाटकावर बुक्क्या मारू लागला. फटफट लांब गेली आणि विरून गेली.

“वाट लागली!” रिद्धी पुटपुटली. “आता दिवाळी संपेपर्यंत इथं कुणी फिरकणार नाही.”

“गाडीनं फाटक तोडू या, पप्पा!”

काकांनी नुसती मान हलवली. फाटक जाड लोखंडाचं होतं, गाडीचाच चुराडा झाला असता. शिवाय काकांना बोलवत नव्हतं. बंद शेडमधून आंबूस, उग्र वास येत होता. मुलांचे डोळे चुरचुरत होते आणि काकांना तर दमा होता! त्यांनी खिशातला पंप काढून तोंडाला लावला. फुस्स! पंप रिकामा!

मैत्रेयीनं गाडीचे सगळे कप्पे धुंडाळले, पण दुसरा पंप नव्हता.

“मी भिंतीवरून बघते,” म्हणत रिद्धी गाडीच्या टपावर चढली. तिनं तारेला हात लावला मात्र, बाही टर्रकन फाटली. “पलीकडे नाला आहे गं! फेसाळलेला! उडी मारणं शक्यच नाही.”

काकांना त्यांनी वासापासून जमेल तितकं लांब, फाटकाजवळ बसवलं. ते गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. सम्यकची मस्करी कधीच पळाली होती. तो वडिलांची पाठ चोळत राहिला.

काकांच्या मोबाइलवर रेंजची एकच काडी होती. रिद्धीनं आपल्या मोठ्या भावाला फोन लावला. चंदूदादाचं कुळगावात सायबर कॅफे होतं.

“दादा, आम्ही अडकलोय! आनंदनगरला, एका कंपनीत!”

“कंच्या कंपनीत?” चंदूदादाचा आवाज तुटत होता. “अगं, तिथं ढिगानं कंपन्या हायेत! नाव सांग!”

“पाटीच नाहीये! एक शेड आहे, फाटक आहे...”

“सगल्यांनाच फाटक असतंय! हॅलो? हॅ...”

फोन कटला. पुन्हा लावला, लागेना. बॅटरीही शेवटच्या घटका मोजत होती.

“आता काय सांगायचं त्याला?” रिद्धी रडवेली झाली. “आपण कुठे आहोत हे आपल्यालाच माहीत नाही!”

मैत्रेयी गाडीत जाऊन बसली. पडद्यावर बाण भिंतीपाशी स्थिर उभा होता. अगदी त्यांच्यासारखाच. आणि एकदम तिला शेतातला तो बाण आठवला. गाडी वळली की तोही वळत होता. म्हणजे...

“रिद्धी! मशीनला माहीत आहे आपण कुठे आहोत!”

“त्यानंच तर अडकवलं!”

“नाही गं! त्यातला नकाशा जुना आहे! तेव्हा इथं रस्ता असेल, मग कंपनीनं भिंत बांधली. चिखलोलीला उलटं झालं. रस्ता नवा आणि नकाशात शेत! पण बाण दोन्हीकडे बरोबर होता. उपग्रह कुठे जुने नकाशे बघतात?”

ती भराभर बटणं दाबू लागली. एका पानावर उपग्रहांची चित्रं आली आणि खाली आकडे. उत्तर एकोणीस, पूर्व त्र्याहत्तर आणि दोन्हींना दशांशाची लांबलचक शेपटी.

“अक्षांश-रेखांश!” रिद्धी किंचाळली. “भूगोलातले!”

“एसेमेस कर. हे आकडे इंटरनेटच्या नकाशात टाक म्हणावं. आणि काकूकडून दम्याचा पंप घेऊन ये!”

मेसेज गेला नाही. पुन्हा पाठवला, तरी नाही. मग मैत्रेयी स्वतः टपावर चढली आणि चवड्यांवर उभी राहून तिनं मोबाइल उंच धरला. खाली काकांची शिट्टी आणखी बारीक झाली होती. एकदा... दोनदा... आणि पडद्यावर ‘मेसेज पाठवला’ अशी अक्षरं उमटली. दुसऱ्याच क्षणी मोबाइल बंद पडला.

चंदूदादाला मेसेज मिळाला का? आकडे बरोबर होते का? विचारायची सोयच नव्हती. रिद्धीनं थर्मासमधला गरम चहा काकांना घोटघोट पाजला. सम्यक अधूनमधून गाडीचा हॉर्न वाजवून यायचा. भिंतींच्या सावल्या लांबत लांबत एकमेकींना भिडल्या.

“तुझं चुकलं असेल तर?” सम्यकनं हळूच विचारलं.

मैत्रेयीनं त्याचा हात घट्ट धरला.

आणि बाहेर मोटारसायकल थांबली!

“रिद्धे! आत हायस का?”

“दादाऽऽ!”

फाटकाखालच्या फटीतून पंप आत सरकला. सम्यकनं तो झडप घालून उचलला. काकांनी दोनदा ओढला, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं त्यांचा श्वास हळूहळू सैल झाला. तेव्हा कुठे सम्यक हमसून हमसून रडला.

चंदूदादानं नाक्यावर चौकशी करून वॉचमनला शोधूनच आणलं होतं. वॉचमन किसनमामांनी घाईघाईनं कुलूप उघडलं. “मी आत बघितलंच नाही हो! गावी जायची घाई होती...”

“एवढी मोठी गाडी दिसली नाही?” रिद्धी कडाडली.

“शेडच्या मागं होती ना, पोरी. चुकलंच माझं. एक चक्कर मारायला हवी होती.”

“मला मात्र लगेच दिसलं,” चंदूदादा म्हणाला. “आकडे टाकले नि आकाशातनं काढलेला फोटोच आला! लांब शेड, मागं नाला. बरोबर ठिकाणी आलो!”

दुसऱ्या दिवशी काकांना डॉक्टरांकडे नेऊन आणलं आणि संध्याकाळी सगळी फौज तिन्ही मशीनं घेऊन धर्मेशभाईंच्या दुकानात हजर झाली.

“फेको जुना माल!” धर्मेशभाईंनी चकचकीत खोका उघडला. “हा नवा पीस बघा, मोठा स्क्रीन! एकदम झकास!”

“ह्यात नवा नकाशा आहे ना?” मैत्रेयीनं विचारलं.

“एकदम लेटेस्ट, बेटा!”

“मग आनंदनगरमधून जाणारा हा रस्ता आहे का बघा ना.”

धर्मेशभाईंनी ऐटीत पडदा फिरवला. “ये देखो! बिलकुल आहे!”

“काल आम्ही त्याच रस्त्यावर कोंडले गेलो होतो,” मैत्रेयी म्हणाली. “तिथं भिंत आहे.”

धर्मेशभाईंनी खोका उलटासुलटा करून बघितला आणि कान पकडले. “सच्ची बोलतो, मी उघडून चेकच नव्हतं केलं. पीस नवा, नकाशा मात्र जुनाच भरलाय. नवा नकाशा कॉम्प्युटरवरून भरावा लागतो. तो तुमच्या जुन्या पीसमध्येपण भरता येतो.”

“आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?” काका गरजले.

कॉम्प्युटरला वायर जोडली. दोन मशीनांत नवा नकाशा नीट बसला आणि पडद्यावर तो रस्ता कंपनीच्या भिंतीअलीकडेच संपला. तिसऱ्या, सगळ्यात जुन्या मशीनमध्ये मात्र जागाच पुरेना.

“मग हे तरी बदला, मिलिंदभाई!” धर्मेशभाईंनी लगेच संधी साधली.

“थांबा. आमच्या साहेबांना विचारू दे,” म्हणत काका वळले. “काय करायचं, मैत्रेयी?”

सगळे तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, “ह्या एकाच्या जागी नवं घ्या. पण नवा नकाशा आपल्यासमोर भरायचा. आधी रस्त्यावर फिरवून बघायचं, मगच घ्यायचं. आणि मशीन काहीही म्हणालं, तरी फाटक दिसलं की थांबायचं!”

“शेवटचं माझ्यासाठी होतं, कळलं मला,” काका म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “धर्मेशभाई, काल माझा जीव घुसमटत होता, आणि ह्या पोरीचं डोकं बघा किती शांत!”

“शांत नव्हतं, काका,” मैत्रेयी म्हणाली. “नुसतं चालू होतं!”