नांगरलेले हात

"भाकरीला कोपरे यायला लागलेत माझ्या. चांगले चार कोपरे. थापायला घेतली की हात आपले चौकोनावर जातात."

धनश्रीच्या कानाशीच ही कुरकुर चालली होती. मोजणी केंद्राच्या बाकड्यावर तिच्या एका बाजूला गल्लीतली शीतल बसली होती आणि धनश्रीच्या अंगावरून वाकून पलीकडच्या बाईला सांगत होती. शीतलच्या हातांची पेरणी होऊन चार महिने झाले होते. आज ती तपासणीला आली होती.

"आणि सकाळी अंगण झाडलं की हात रांगोळीचे ठिपके टाकत सुटतात. ओळीनं, एका मापात. मला मेलीला जन्मात कधी साधं स्वस्तिक धड जमलं नाही."

"मग बरंच झालं की," पलीकडची म्हणाली. "नवरा काय म्हणतो?"

शीतलनं हातातल्या चिठ्ठीची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली. "त्याला काय? भाकरी पोटातच जाते," ती म्हणाली.

त्यावर तिघीही समोरच्या भिंतीवरचा नकाशा बघत बसल्या. नकाशात प्रत्येक तालुक्याला एक रंग होता, आणि इचलकरंजीचा रंग निळ्याचा पिवळा होत आला होता.

पूर्वी एखाद्या गावातला धंदा उठला की माणसं पेट्या बांधून धंद्याच्या मागं जात, नाहीतर तिथंच बसून खंगत. आजोबा शेतात, बाप मागावर, मुलगा कचेरीत, असं एक घर पालटायला तीन पिढ्या लागत. धंद्यांना तेवढा धीर नसतो. मग नियोजनवाल्यांपैकी कुणाच्या तरी डोक्यात आलं की जमिनीला पीकपालट लागते, तशी तालुक्यालाही लावून बघावी. त्याला त्यांनी नाव दिलं धंदेपालट. ऊसपट्ट्यात टाक्यांतलं औषधी शेवाळ आलं, द्राक्षपट्ट्यात यंत्रमानवांची दुरुस्ती आली. इचलकरंजीतून यंत्रमाग जाणार आणि नेत्रपटल येणार असं ठरलं. नेत्रपटल म्हणजे दृष्टी गेलेल्या डोळ्यात बसवायचा, केसाहून पातळ चौकोनी पडदा. इमारती काय, आठ महिन्यांत उभ्या राहिल्या. गाडी अडली ती माणसांच्या हातांपाशी.

त्यावरही उपाय निघाला होता. सायकल शिकलेलं माणूस सायकल विसरत नाही, कारण ते शिकणं शब्दांच्या वाटेला न जाता डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत मुरलेलं असतं. हे मुरलेलं एका माणसाकडून टिपून घेऊन दुसऱ्यात रुजवता येतं. कागदोपत्री त्याला हस्तस्मृती-रोपण म्हणत. लोक म्हणत हातपेरणी. अकरा दिवसांत वीस वर्षांचा सराव हातात येई. इचलकरंजीला मिळणारे हात तामिळनाडूतल्या एका गावच्या बायकांचे होते. तिथला पडद्यांचा हंगाम संपला होता आणि त्या बायकांच्या हातांत आता आणखी कुणाचे तरी हात होते.

पेरणीआधी मात्र नांगरट करावी लागे. पहिल्या तुकडीत ती केली नव्हती, तेव्हा जुनं आणि नवं एकमेकांत शिरलं. माणसं पडदा चिमट्यात धरून मध्येच थांबत आणि अंगठा-बोटानं हवेतच तुटलेला धागा गाठत बसत. म्हणून आता जुनं आधी काढून टाकत.

"धनश्री ढवळे," आतून हाक आली.

डॉक्टर इरा सोवनी पुण्याहून आलेल्या, तिशीतल्या. त्यांनी धनश्रीच्या डोक्यावर जाळी बसवली आणि हातात दोन धागे दिले. "ताई, गाठ मारा."

धनश्रीनं मारली. यंत्राच्या पडद्यावर एक ठिपका उजळला.

"छान. आता नुसत्या बसा."

"नुसती कशी बसू? सवय नाही ओ." आणि सवय नसल्यामुळे तिचे हात मांडीवरच काहीतरी बोलून गेले. पडद्यावर तोच ठिपका पुन्हा उजळला.

"हे काय केलंत?"

"काही नाही. माझं नाव. आमचे हे घरात मला असंच हाक मारतात."

मग तिला सगळंच सांगावं लागलं. शंभर मागांच्या खडखडाटात तोंडानं बोलून उपयोग नसतो, म्हणून कारखान्यात माणसं हातांनी बोलत. मिशी पिळली की मालक आला. अंगठा वाकवला की चहा. सुहासनं तिला मागणी घातली तीही सहा माग पलीकडून: मागावर धाग्याचा धोटा सरकवावा तसा हात छातीपासून तिच्याकडं, आणि मग बोटांची एक गाठ. तिनं हातानंच उत्तर दिलं होतं, आधी तुझा धागा तुटलाय तो बघ. सत्तावीस वर्षं झाली त्याला. मागांनी सुहासचे कान गेले आणि घरात मागाची बोली राहिली. ओठांवरून त्याला जेवण-पाणी एवढं कळे. बाकीचा सगळा संसार हातांवर चालला होता.

डॉक्टरांनी पडद्यावरचा ठिपका मोठा करून पाहिला. "यंत्राला काम आणि बोलणं वेगळं दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुमची बोली मागाच्या हालचालींतूनच उगवलीय. दोघांची मुळं एकच आहेत."

"म्हणजे नांगर फिरला की तीही जाणार."

"थोडा फरक पडेल."

"थोडा म्हणजे किती, मॅडम?"

"ते बोलतील ते तुम्हाला दिसेल. कळेलही. उत्तर देता येईल असं वाटत नाही."

धनश्रीनं हात पदराखाली घेतले. "पुन्हा शिकले तर?"

"पेरलेलं जपायला सात वर्षांचं कुंपण घालतो आम्ही. जुन्या वळणाची हालचाल बोटं सुरूच होऊ देत नाहीत."

"सात वर्षांनी?"

डॉक्टरांची नजर दारातून बाहेरच्या नकाशावर गेली. "सात वर्षांनी इथं बहुतेक दुसरा धंदा असेल." मग त्यांनाच राहवलं नाही. "बोललेलं लिहून दाखवणारा चष्मा आहे ना त्यांच्याकडं?"

"आहे की. पण लिहून भांडता येत नाही, मॅडम. मी चिडले की नुसती बोटं ताणते, त्यांना खोलीच्या पलीकडून कळतं. तोंडानं सांगितलं तर चष्म्यात येतं, 'मी चिडले आहे.' ते वाचून हसतात."

"मग नका करू पेरणी. सक्ती नाही कुणावर."

"माग दसऱ्याला बंद होणार. यांचं वय चोपन्न, पन्नाशीनंतर रुजत नाही असं तुम्हीच सांगितलं. घरात हात माझेच उरले." ती उठली. "सक्ती नाहीच. फक्त दुसरं काही ठेवलेलं नाही."

घरी सुहास दारातच बसला होता. काय म्हणाली डॉक्टरीण, त्यानं हातानं विचारलं.

'थोडा फरक पडेल' हे मागाच्या बोलीत सांगता येईना. तिथं धागा सलग असतो, नाहीतर तुटलेला असतो. तिनं 'सलग' असा हात केला. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही, हातांकडंच पाहत राहिला. मग अंगठा वाकवला. चहा?

त्यानंतरच्या आठवड्यात ती फार बोलली. वीस वर्षांपूर्वीची नणंदेची कागाळी काढली, हरवलेल्या छत्रीचं भांडण नव्यानं भांडली, आणि जिंकली. त्याची नक्कल केली, शीतलच्या चौकोनी भाकरीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. तो हसून हसून भिंतीला टेकला. पण हसताना त्याची नजर तिच्या बोटांवरून हलत नव्हती. गल्लीत पेरणी झालेली सतरा घरं होती. त्या घरांमधल्या नवरा-बायका आता संध्याकाळी ओट्यावर बसत ते रस्त्याकडं तोंड करून, आणि कसं काय चाललंय विचारलं तर म्हणत, छान चाललंय.

नांगरटीच्या सकाळी दोघं केंद्रावर गेली. फॉर्मवर घरातल्या एका माणसाची सही लागे. ती का लागते, हे फॉर्ममध्ये लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी सावकाश, चष्म्यात नीट उमटेल असं समजावलं. घाबरण्यासारखं काही नाही. अकरा दिवस. फळं आणली तर चालतील. आधीच्या सवयींत थोडा फरक पडेल, पण माणूस तेच राहतं.

सुहासनं चष्मा काढून खिशात घातला. त्यानं बायकोकडं वळून बोटांची गाठ केली, तिचं नाव. तिनं त्याचं नाव केलं: मनगट दोनदा फिरवून, मागासाठी धाग्याची कांडी भरावी तसं. टेबलापाशीची मदतनीस बाई उगाच टेबलावरचे कागद सारखे करू लागली.

मग सुहास तोंडानं बोलला. कित्येक वर्षांत तो तोंडानं बोललेला धनश्रीनं ऐकला नव्हता. आवाजाचं माप त्याला राहिलं नव्हतं. शंभर माग चालू असावेत आणि त्यांच्या वरून बोलावं, तसा तो बोलला. बाकड्यावरच्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या.

"ही परत यायची नाही," तो म्हणाला. "हिचं तोंड घेऊन दुसरीच कुणीतरी घरी येणार. तुम्हालाही ठाऊक आहे, हिलाही ठाऊक आहे, आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

कुणी काही म्हणालं असतं तरी त्याला ऐकू गेलं नसतं. त्यानं टेबलावरचं पेन उचललं.

"सही कुठं करू?"